फातोर्ड्याचें क्रीडांगण आणि शेवटचीं मिनिटें

गोमंतकाचें नांव काढतांच आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांस प्रथम मंगेशी आणि शांतादुर्गा यांचीं देवालयें आठवतात, मग समुद्र आठवतो. फुटबॉलचा सामना पाहण्यासाठीं कोणी गोव्यास निघाला, तर वडील मंडळी किंचित् हसतात. परंतु ज्या प्रांतानें सन २०१२ मध्यें फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान दिला, त्याचें अंतरंग पाहावयाचें असेल, तर देवदर्शन आटोपल्यावर मडगांवला लागून असलेल्या फातोर्ड्याकडे पावलें वळविलींच पाहिजेत.

येथील पंडित जवाहरलाल नेहरू क्रीडांगण १९८९ सालीं उभें राहिलें. सुमारें एकोणीस हजार प्रेक्षकांची येथें सोय आहे. गोव्यांत हा खेळ १८८३ सालीं शिवोली गांवीं एका आयरिश धर्मगुरूनें आणला, असें सांगतात. पुढें धेंपो, साळगांवकर, चर्चिल ब्रदर्स या संघांनीं तो वाढविला, आणि भारताचें कप्तानपद भूषविणाऱ्या ब्रह्मानंद शंखवाळकर या गोलरक्षकास २०२२ सालीं पद्मश्री मिळाली. २०१४ सालीं एफ. सी. गोवा हा संघ निघाला, आणि निरनिराळ्या संघांच्या अभिमान्यांना एक सामाईक घर लाभलें. सामन्याच्या सायंकाळीं नारिंगी सदरे घातलेले आजोबा, मुलगा व नातू एकाच रांगेंत बसलेले दिसतात. वाद तिघांचेही निरनिराळे, परंतु शिट्टी वाजली कीं श्वास एकच!

या संघाचा अभिमानी होणें मात्र सोपें व्रत नव्हे. त्याचा खेळ पाहण्यास मोठा गोड. लहान लहान पासांनीं चेंडू फिरवीत पुढें जाण्याची त्याची रीत आहे. परंतु याच मैदानावर शेवटच्या मिनिटांनीं त्याचा घास तीनदां हिरावून घेतला आहे. २० डिसेंबर २०१५ रोजीं लीगचा अंतिम सामना येथेंच झाला. ८७ व्या मिनिटास गोव्यानें चेन्नईविरुद्ध २-१ अशी आघाडी घेतली. लोक उत्सवाच्या तयारीला लागले, तोंच नव्वदाव्या मिनिटास आमच्याच गोलरक्षकाकडून चेंडू जाळ्यांत गेला, आणि पाठोपाठ मेंडोझानें तिसरा गोल केला. एप्रिल २०२४ मधील उपांत्य सामन्यांत मुंबई सिटीविरुद्ध नव्वद मिनिटें होत आलीं तरी गोवा २-० असा पुढें होता. पंचांची शिट्टी वाजली तेव्हां फलकावर २-३ असे आंकडे होते. त्या दिवशीं गोव्याचा दुसरा गोल करणारा आमचा ब्रँडन फर्नांडिस पुढच्या हंगामांत त्याच मुंबईच्या संघांत गेला. ६ एप्रिल २०२५ रोजीं बंगळूरविरुद्ध पहिल्या सामन्यांतील दोन गोलांची उणीव आमच्या संघानें ८८ व्या मिनिटास भरून काढली. पण जादा मिळालेल्या वेळेच्या दुसऱ्या मिनिटास सुनील छेत्रीनें डोक्यानें चेंडू आंत घातला, आणि सारें संपलें.

याला दैव म्हणावें काय? माझें मत तसें नाहीं. आघाडी मिळाली कीं ती सांभाळण्याच्या काळजीनें संघ मागें सरतो. मागें सरला कीं चेंडू प्रतिपक्षाच्या पायांत जातो. दमलेल्या पायांनीं मग नुसतें निवारण करीत बसावें लागतें. जो संघ चेंडू आपल्याकडे ठेवून जिंकावयास शिकला, त्यानें चेंडू सोडून देऊन वाचण्याची आशा धरणें म्हणजे पोहणाऱ्यानें हात आवरून घेण्यासारखें आहे.

त्या पराभवानंतर महिना उलटण्यापूर्वींच, ३ मे २०२५ रोजीं, भुवनेश्वर येथें या संघानें जमशेदपूरला ३-० असें हरवून सुपर कप जिंकला, ही गोष्ट म्हणूनच मला विशेष वाटते. त्या विजयामुळें आशियाई स्पर्धेचें दार ठोठावतां आलें. २२ ऑक्टोबर २०२५ रोजीं सौदी अरेबियाचा अल् नस्र हा बलाढ्य संघ फातोर्ड्यास आला. जगद्विख्यात रोनाल्डो आला नाहीं, म्हणून पुष्कळांची निराशा झाली खरी. परंतु दोन गोलांनीं मागें पडल्यावर गोमंतकीय ब्रायसन फर्नांडिसनें एक गोल फेडला, तेव्हां रोनाल्डोची आठवण कोणाला राहिली असेल? सामना १-२ असा गेला, पण मान गेला नाहीं.

आणि मग ७ डिसेंबर २०२५! पुन्हां सुपर कपचा अंतिम सामना, पुन्हां फातोर्डें; समोर कलकत्त्याचा ईस्ट बंगाल. शेवटचीं मिनिटें आलीं, जादा वेळही आला, आणि तोही गेला. एकशेंवीस मिनिटांत या संघानें एकही गोल होऊं दिला नाहीं. अखेर पेनल्टींवर ६-५ असा निकाल लागून चषक घरींच राहिला. ज्या जाळ्यानें तीनदां रडविलें, तें त्या रात्रीं शेवटपर्यंत राखलें गेलें. तीन जुन्या जखमा त्यानें पुसल्या गेल्या असें मी म्हणत नाहीं, पण संघ त्यांतून शिकला असें म्हणावयास हरकत नाहीं.

वाचकांपैकीं कोणी गोव्यास गेलें, तर सामन्याचें तिकीट अवश्य काढावें. गर्दी टाळावी म्हणून पांच मिनिटें आधीं उठण्याची आपली संवय मात्र त्या दिवशीं घरीं ठेवून जावें. फातोर्ड्यास खरा सामना कित्येकदां त्याच पांच मिनिटांत होत असतो.