पुढची गोष्ट कोण सांगणार?

आमच्या मिरजेच्या घरी पुलंच्या ‘म्हैस’ची कॅसेट होती. गोष्ट ऐन रंगात आली की खट् असा आवाज व्हायचा आणि आई ओरडायची, “अगं, दूध बघ!” मग थोडी खरखर, की पुन्हा पुलं सुरू. विकतच्या कॅसेटवर कुणी रेकॉर्डिंग करू नये म्हणून वरच्या कडेला दोन चौकोनी भोकं असायची. धाकट्या भावाने त्यांवर सेलोटेप चिकटवून लाल बटण दाबून पाहिलं होतं. एखाददुसरं वाक्य गेलं. पुढे कितीतरी वर्षं आम्ही ती गोष्ट दुधासकटच ऐकत होतो.

गोष्ट कानाने ऐकायची याचं तेव्हा अप्रूप नव्हतंच. रेडिओवर श्रुतिका लागायच्या. माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार एकत्र कथाकथन करायचे, त्याबद्दल वडील भरभरून बोलत. “आज विनोदी कथा ऐकायची की ग्रामीण?” असं ते कधी म्हणाले नाहीत. “पाटलांची ‘धिंड’ ऐकली,” एवढंच म्हणायचे. माणूस ठरला की प्रकार आपोआप ठरायचा.

हे आठवायचं कारण म्हणजे डोंबिवली लोकल. 2017 साली ऑडिओबुकचं एक परदेशी ॲप मराठी पुस्तकं घेऊन आलं आणि मैत्रिणीने ते माझ्या फोनमध्ये टाकून दिलं. तेव्हापासून एक पुस्तक संपलं की दुसऱ्या दिवशीच्या गाडीपर्यंत पुढचं शोधायचं, हा उद्योग मागे लागला. ॲपवर रहस्य, भय, ऐतिहासिक असे कप्पे असतात. माझी आवड पहिल्या दोन्हींत, पण कप्प्यावर विसंबून मी बऱ्याचदा फसले आहे.

रहस्यकथा ऐकायला उत्तम. लहानपणी वाचनालयातल्या अर्नाळकरांच्या झुंजारचं शेवटचं पान मी आधी बघायचे, आणि ज्याला तेवढाही धीर नसे असा कुणी पुण्यात्मा समासात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. कानाला शेवटचं पान नसतं. भयकथेला मात्र वेग सोसत नाही. घाईत एकदा धारप दीडपट वेगाने लावले, तर दार करकरायच्या आत भूत आत! ‘पानिपत’ कादंबरी वाचताना मी नकाशा जवळ ठेवला होता. गाडीत ऐकायला घेतली तेव्हा कुर्ल्यापर्यंत शिंदे कोण नि होळकर कोण, याचाच मेळ लागेना. ती भाऊगर्दी डोळ्यांनीच आवरावी. उलट ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन आपापली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतात. समोर बसून कुणी बोलावं तशी ती कानात उतरते.

म्हणून आता मी कप्पा बघते, पण ठरवते आवाजावर. नमुन्याची पाच मिनिटं ऐकायची. त्यात माझी परीक्षा एकच: ‘च’ आणि ‘ज’. ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’मधला वेगळा, छापील अक्षर एकच असलं तरी वाचणारा मनातल्या मनात बरोबर जागी जातो. मोठ्याने वाचणाऱ्याला लपायला जागा नाही. एका निवेदकाने ययातीच्या गोष्टीतली ‘जरा’, म्हणजे म्हातारपण, ‘जरा सरकून घ्या’मधल्या ‘जरा’सारखी उच्चारली. मी चौथ्या सीटवर अर्धी लटकत होते, त्यामुळे मला ते भलतंच लागू पडलं. पुढचा सगळा शोक मी हसत ऐकला. दुसरी खोड नाटकीपणाची. प्रत्येक पात्रासाठी निराळा आवाज काढणाऱ्यांमुळे मला थकायला होतं. गोष्ट सांगा, सोंगं नकोत. चांगला आवाज सापडला की मी त्याने वाचलेली सगळी पुस्तकं धुंडाळते. अशाने एरवी हातात न धरलेल्या विज्ञानकथाही ऐकून झाल्या.

गेल्या महिन्यात काहीच मनासारखं मिळेना, म्हणून सरळ ‘म्हैस’ लावली. ठाणं गेलं. ती जागा जवळ आली तशी मी नकळत सावरून बसले. खट् झालं नाही. पुलं बोलतच राहिले. पुसलेलं वाक्य पस्तीस वर्षांनी कानावर पडलं, आणि ते मागे घेऊन पुन्हा ऐकावं लागलं, कारण पहिल्या वेळी माझं लक्ष दुधाकडे होतं.