वेंगुर्ल्याचे एक घर

आमच्या सांबऱ्याच्या विमानतळावरून गेल्या श्रावणात धाकटी लेक अमेरिकेस निघाली, तेव्हापासून घर मोठे वाटू लागले. दिवाळीच्या सुटीत सौभाग्यवतींसह आम्ही आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्यास गेलो. बेळगावच्या व्यापाराचे हे जुने बंदर. डचांची वखार आज भग्नावस्थेत उभी आहे. आम्हांस ओढ होती ती मिशनच्या रुग्णालयाची.

अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर गोहीन येथे सहकुटुंब राहत. १५ ऑगस्ट १९१९ रोजी त्यांचा पुत्र रॉबर्ट येथेच जन्मला. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी १९०१ साली कोडाईकनाल येथे शाळा निघाली होती. रॉबर्टही तेथे शिकला. आईबाप कोकणच्या किनारी, मूल तमिळ मुलखातल्या डोंगरावर! पंधराव्या वर्षी त्यास पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस धाडले. त्या काळी पत्रालाही बोटीने कित्येक आठवडे लागत. धर्मप्रसाराविषयी आमचे मत काहीही असो, परक्यांची दुखणी काढणाऱ्या त्या घरातले रिकामे पान आमच्या डोळ्यांपुढून हलेना.

पुढे रॉबर्ट गोहीन प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९७७ ते १९८० भारतात अमेरिकेचे राजदूत होते. हे आम्ही मास्तरी थाटात सांगू लागलो, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, “ते असू द्या हो. पोरगा गेला त्या रात्री त्या माउलीला घास गिळला असेल का?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. परतताना आंबोलीस चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी लेकीस फोन लावला. तेथे नुकतीच सकाळ झाली होती.