एका जुन्या भांडणाचा निकाल

परवा आमच्या घरातल्या एका जुन्या भांडणाचा निकाल लागला. निकाल माझ्याविरुद्ध गेला आणि जिंकलेला माणूस तो ऐकायला घरात नव्हता.

भांडण चाळीसेक वर्षांपूर्वीचं. आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर अधूनमधून एक छोटी कार्टून फिल्म लागायची. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीनं जाळ्यासकट उडतात, मग उंदीर जाळं कुरतडतात. गोष्ट पंचतंत्रातली, मी वर्गात कितीतरी वेळा सांगितलेली. आमची लेक त्यातल्या गाण्यावर हात पसरून घरभर उडायची. आमचं दोघांचं मात्र त्या आवाजावरून जुंपायचं. मी म्हणायचे, "ही मोठी बाई आहे, लहान मुलीचा आवाज काढतेय." हे म्हणायचे, "अगं, खरंच लहान मूल आहे ते." मी पडले मास्तरीण, त्यामुळे शेवटचा शब्द माझा!

हे गेले त्याला आता तीन वर्षं होतील. मागच्या आठवड्यात लेकीचा फोन आला. "आई, ती पक्ष्यांची फिल्म कोणती गं? छोटीला दाखवायचीय." नाव काही केल्या आठवेना. पूर्वी असं अडलं की स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, ते काय हो...", की बाहेरच्या खोलीतून उत्तर यायचं. या वेळीही "अहो" तोंडात आलंच होतं.

लेक म्हणाली, नेटवर शोध. पण शोधायला नाव लागतं आणि नावच तर विसरलेलं! शेवटी फोनवर चार ओळी लिहिल्या आणि नेटवरच्या अनोळखी माणसांपुढे ठेवल्या. हात जरा अडखळला. वर्गात "माहीत नाही" म्हणणाऱ्या पोरांकडे मी कशी बघायचे ते आठवलं. मग वाटलं, विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात आपण आयुष्यभर दुसरं काय केलं? पोराचा खोकला असो की बिघडलेलं लोणचं, वसईला विचारायचं, बोरिवलीपर्यंत चार उपाय हातात!

रात्रीपर्यंत सात-आठ जणांची उत्तरं आली. कुणाला पक्षी आठवत होते, कुणाला आंब्याचं झाड, कुणाला नुसती चाल. एकानं मात्र सगळं नीट लिहिलं होतं. फिल्मचं नाव 'एक अनेक और एकता', साल १९७४, निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसेन यांची, संगीत आपल्या वसंत देसाईंचं. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही तिला मिळालेला. आणि आवाज साधना सरगमचा. कोकणातल्या दाभोळला १९६९ साली जन्मलेली ही गायिका तेव्हा जेमतेम पाच वर्षांची!

फिल्म लावली. सात मिनिटांची असेल. आवाज सुरू झाला आणि लगेच कळलं, लहान मूलच ते. इतकी वर्षं मला कसं ऐकू आलं नाही कोण जाणे! बहुधा मी गाणं ऐकतच नव्हते, यांच्यावर मात करायच्या नादात होते.

आभार मानायला लिहिलं तर एका बाईंनी उलट मलाच विचारलं. "तुम्ही वसईच्या ना? माझी आजी तिकडून काहीतरी आणायची. तपकिरी, चिकट, गोड, केळ्याच्या सुक्या पानात बांधलेलं. नाव आठवत नाही." अहो, सुकेळी! पिकलेली राजेळी केळी सोलून कितीतरी दिवस उन्हात वाळवायची, की झाली सुकेळी. मी लगेच सविस्तर लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर एवढंच आलं, "आजी खरंच हेच म्हणायची." आजीही नसावी आता, असं मला वाटलं. घरात विचारायला कुणी उरलं नाही की माणूस परक्याच्या दारात जातो. आणि परकाही "हो हो, मलाही आठवतं" म्हणाला की बरं वाटतं. आपण ते मनानं रचलेलं नव्हतं, एवढी तरी खात्री होते.

रात्री लेकीला फोन करून नाव सांगितलं. आणि म्हटलं, "तुझे बाबा बरोबर होते गं."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, हे तू पहिल्यांदाच म्हणतेयस."

असो.