विरजणाची वाटी

परवा सकाळी आमच्या घरी दही लागले नाही. रात्री थंडी अंमळ जास्तच पडली होती आणि विरजण घातलेले पातेले उघड्या खिडकीशी राहून गेले होते. सौभाग्यवतींनी झाकण काढून पाहिले. दूध जसेच्या तसे. त्यांनी ते बाजूला सारले आणि अगदी सहज म्हटले, "अहो, जरा जाऊबाईंकडून चमचाभर विरजण आणता का?"

'सहज' हा शब्द मी लिहिला खरा. पण आमच्या घरात त्या वाक्याइतके अवघड वाक्य दुसरे नाही. दादाचे घर भिंतीपलीकडेच आहे. चार वर्षांपूर्वी वडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हा ती भिंत माजघराच्या मधोमध उभी राहिली, आणि तेव्हापासून आम्हा भावांत बोलणे नाही. कारण विचाराल तर परसातली दोन हात जागा! एवढ्या काळात मी मनाशी एक सिद्धान्त बांधून ठेवला होता. आधी मने स्वच्छ व्हावीत, मगच देणेघेणे सुरू व्हावे. दादाने आपली चूक कबूल करावी, मग माझ्या मनातला कडवटपणा जाईल, मग मी त्याचा उंबरा ओलांडीन. सिद्धान्त मोठा उदात्त दिसतो. त्यात दोष एवढाच, की चार वर्षांत तो जागचा तसूभरही हललेला नाही.

वाटी हातात घेऊन मी ओट्याशी घुटमळत राहिलो. सूक्ष्मजंतुशास्त्र शिकवण्यात माझी सारी हयात गेली; तेव्हा रिकाम्या वाटीकडे पाहताना मला त्या शास्त्राची आठवण व्हावी, यात नवल नाही.

योगर्ट म्हणून जे दही जगभर विकले जाते, ते दोन जंतूंचा संसार आहे. त्यांपैकी लांबट काडीसारखा जो लॅक्टोबॅसिलस बल्गॅरिकस, तो १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने जिनीव्हा येथे शोधून काढला. दुसरा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. हा मण्यांच्या माळेसारखा दिसतो. दुधातील केसिन नावाचे प्रथिन फोडून त्याचे लहान तुकडे करण्याची कला काडीला चांगली अवगत आहे. ते तुकडे भोवतालच्या दुधात पसरतात आणि माळ त्यांवर पोसते. उलट माळ फॉर्मिक आम्ल, फोलिक आम्ल आणि कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकते. त्यामुळे काडीची वाढ झपाट्याने होते. दोघांना दुधात एकेकटे जगता येतेच. पण एकत्र असले म्हणजे दोघेही अधिक जोमाने वाढतात आणि दही लवकर लागते. आपल्या घरच्या विरजणातली वस्ती याहून अधिक संमिश्र असते. पण एकाचे उरलेले दुसऱ्याच्या पानात, ही रीत तिथेही चालते.

यावर वर्गात एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारी, "सर, पण हे सुरू कसे झाले? आधी दिले कोणी?" प्रश्न बिनतोड होता. देण्यात खर्च आहे. जो देतो तो मागे पडतो आणि जो नुसता घेतो तो पुढे जातो, असा हिशेब असेल, तर पहिला देणारा टिकावाच कसा?

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर विल्यम हारकोम्ब या अमेरिकन शास्त्रज्ञाने २०१० साली प्रसिद्ध केले. त्याने दोन जंतू घेतले. पहिला ई. कोलाय. दुग्धशर्करा खाऊन तो अ‍ॅसिटेट बाहेर टाकतो. परंतु प्रयोगातल्या जातीला मेथिओनीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नव्हते. दुसरा सॅल्मोनेला. याला दुग्धशर्करा पचत नाही, ई. कोलायने टाकलेल्या अ‍ॅसिटेटवर मात्र तो जगू शकतो. या सॅल्मोनेलाचा एक असा वाण हारकोम्बने निवडून मिळवला, की जो मेथिओनीन बाहेर सोडीत असे. हे दान फुकटचे नव्हते. त्यापायी त्याची स्वतःची वाढ मंदावत असे. मग देणारा आणि न देणारा असे दोन्ही सॅल्मोनेला ई. कोलायच्या सोबत ठेवून, कोण पुढे जातो हे त्याने पाहिले.

सतत हलवत ठेवलेल्या चंबूत न देणारा जिंकला. तिथे एकाने दिलेले सर्वांत मिसळून जाते. देणाऱ्याचे श्रम आणि फुकट्याची मौज! पण तबकडीतल्या आगरच्या थरावर, जिथे जो तो आपापल्या जागी स्थिर राहतो, तिथे देणारा जिंकला. कारण त्याच्या मेथिओनीनवर त्याच्याच शेजारचा ई. कोलाय पोसला आणि त्या शेजाऱ्याचे अ‍ॅसिटेट पहिल्याने त्याच्याच दारी आले. मात्र सॅल्मोनेलाला ई. कोलायवर अवलंबून राहण्याची गरजच नसली, की तबकडीवरही देणारा हरत असे.

तात्पर्य, औदार्याचा पहिला घास औदार्याचा नव्हताच. ई. कोलाय अ‍ॅसिटेट टाकीत होता ते कोणावर उपकार म्हणून नव्हे. त्याला ते नकोसे होते म्हणून. आधी हे नकोसे झालेले शेजाऱ्याच्या उपयोगी पडले आणि मग शेजाऱ्याला स्वतःच्या पदराला खार लावून देणे परवडू लागले. यासाठी लागल्या दोनच गोष्टी: परस्परांची गरज आणि जवळ राहणे. स्वच्छ मनाची अट कुठेच नव्हती.

जंतूंना मन नसते आणि माणसाने त्यांच्यापासून नीतिशास्त्र शिकू नये, हे मी स्वतःच वर्गात बजावीत आलो आहे. तरीही माझा सिद्धान्त त्या क्षणी मला जरा उघडा पडल्यासारखा वाटला. तेवढ्यात आतून आवाज आला, "अजून इथेच? आणि तुम्हाला एवढा संकोच कशाचा? काल संपले ते विरजण तरी कुठले होते? श्रावणात आपले दही बिघडले तेव्हा जाऊबाईंकडूनच आणले होते. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांचे फार आंबट झाले, तेव्हा आपल्याकडचे गेले होते."

मी चकित झालो. म्हणजे ज्या चार वर्षांत मी मने स्वच्छ होण्याची वाट पाहत होतो, त्या चार वर्षांत भिंतीच्या कडेने ही वाटी नित्य येत-जात होती; आणि दादाशी अबोला धरून मी रोज त्याच्याच घरचा ताकभात जेवत होतो!

मी गेलो. दार दादानेच उघडले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग वाटीकडे पाहिले. काही क्षण आम्ही दोघेही बोललो नाही. मग वाटी माझ्या हातातून घेत तो म्हणाला, "थंडीत पातेले गुंडाळून ठेवावे लागते. आई ठेवायची, आठवत नाही?"

"आठवते," मी म्हणालो.

परसातली दोन हात जागा अजून जिथल्या तिथे आहे आणि तिच्याविषयी आम्ही दोघांनी अद्याप अवाक्षर काढलेले नाही. पण त्या रात्री सौभाग्यवतींनी पातेले जाड पंचात गुंडाळून फडताळात ठेवले आणि सकाळी दही चांगले घट्ट लागले. त्यातले वाटीभर दही घेऊन मी पुन्हा पलीकडे गेलो. या खेपेला मला कोणी पाठवले नव्हते.