गुडघ्यातली ऊब

हिमोफिलियात रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो; साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात मात्र आधी कुणालाच तो नसतो. सोलापुरातल्या भवानी पेठेसारख्या कष्टकरी वस्तीत विशीतल्या मुलाला कामासाठी तासन्‌तास उभे राहावे लागते आणि रक्तस्राव नेमका गुडघ्यात, घोट्यात होतो.

सूज दिसण्याआधी सांध्यात मुंग्या येतात, ऊब जाणवते. पुस्तकात हे एका ओळीत उरकते. ती ऊब कशी ते त्यातून गेलेलाच सांगू शकतो. म्हणून थोरला रुग्ण धाकट्याजवळ बसतो. दंडाला पट्टा आवळायचा, शीर बोटाने चाचपायची, घटकाचे इंजेक्शन सावकाश सोडायचे. बर्फ फडक्यात गुंडाळून लावायचा. ॲस्पिरिनला हात लावायचा नाही.

सर्वांत अवघड विषय लग्नाचा, आणि तो वडीलधाऱ्यांपुढे निघत नाही. रुग्णाच्या मुलग्यांना हा दोष त्याच्याकडून मिळत नाही. मुली मात्र सगळ्या वाहक होतात. सोलापुरात काही समाजांत मामा-भाचीचे लग्न चालते. मामा रुग्ण आणि भाची वाहक असेल, तर मुलीलाही आजार होऊ शकतो. हे समवयस्काने सांगितले, तर निदान ऐकून तरी घेतले जाते.

अशी सोबत नवी नाही. जागतिक हिमोफिलिया महासंघ १९६३ साली फ्रँक श्नाबेल या रुग्णानेच उभारला. त्याचा वाढदिवस, १७ एप्रिल, हिमोफिलिया दिन म्हणून पाळतात. भारतातला महासंघ १९८३चा. २०१६च्या कायद्याने हिमोफिलिया दिव्यांगत्वात धरला. त्याच्या प्रमाणपत्राला कोणते कागद लागतात, हेही जुनाच रुग्ण सांगतो.