तुम्ही त्यांना कधी कळवलंत?

वकिलाविरुद्धच्या तक्रारीत तक्रारदाराचं वकीलपत्र घ्यायला वकील सहसा कचरतात. उद्या त्याच माणसासमोर कोर्टात उभं राहायचं असतं, एकाच बाररूममध्ये बसायचं असतं. सातारा जिल्ह्यातल्या एका काकूंचं प्रकरण माझ्याकडे आलं, तेव्हा सहकाऱ्यांनी बाजूला घेऊन विचारलं, "कशाला वाईटपणा घेता?" मी ते वकीलपत्र घेतलं. आपल्या पेशाकडे पक्षकाराच्या खुर्चीतून पाहायला मला त्या प्रकरणानेच शिकवलं.

काकूंचा दावा वाटपाचा होता. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हिस्सा हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने पक्का झाला, पण भावांनी तो दिला नाही, म्हणून तालुक्याच्या कोर्टात दावा. वकिलांना फी रोख दिली, पावती मिळाली नाही. फेरफार, वारसनोंदीचे उतारे, वडिलांच्या हातची जुनी कागदपत्रं असं सगळं बाड त्यांच्याकडे सोपवलं. चौकशीला गेलं की उत्तर ठरलेलं: "तारीख पडलीय. तुम्ही हेलपाटा घालू नका, मी आहे ना." एके दिवशी भाच्याने मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये दाव्याचा नंबर टाकला आणि कळलं की दावा केव्हाच निकाली निघालाय.

मी रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढली. कोर्टात त्या त्या तारखेला काय घडलं ते त्यात थोडक्यात लिहिलेलं असतं. पानामागून पान तेच वाक्य होतं: वादी व वादीचे वकील पुकारूनही गैरहजर. शेवटच्या तारखेला, दावा गैरहजेरीमुळे काढून टाकण्यात येतो. काकूंनी ओळीखाली बोट फिरवत ते वाचलं. "मी गैरहजर? अहो ताई, मला तर येऊ नका म्हणून सांगितलं होतं!" जमीन गेल्यापेक्षा कोर्टाच्या कागदावर आपल्याला बेजबाबदार ठरवलं, हे त्यांना जास्त लागलं होतं.

दोन वाटा वेगळ्या ठेवणं गरजेचं होतं. एक जमिनीची. गैरहजेरीत गेलेला दावा पुन्हा चालू करून घेण्याची मुदत तीस दिवसांची, ती कधीच उलटून गेलेली. विलंबमाफीचा अर्ज केला. वकिलाच्या कसुरीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटलंय. त्या आधारावर दावा पुन्हा बोर्डावर आला. दुसरी वाट वकिलाच्या वर्तनाची. त्यासाठी अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली तक्रार.

ही तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची असते. ती अर्जाच्या स्वरूपात, सही आणि सत्यापनासह, ठरलेली फी भरून द्यावी लागते. राज्याच्या भाषेत म्हणजे आपल्याकडे मराठीतही ती देता येते, ही गोष्ट कितीतरी पक्षकारांना माहीत नसते. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आहे असं कौन्सिलला वाटलं, तरच ती शिस्तपालन समितीकडे जाते. समितीत तिघे असतात: कौन्सिलने आपल्या सदस्यांमधून निवडलेले दोघे आणि तिसरा कौन्सिलबाहेरचा अनुभवी वकील. साक्षीदाराला समन्स काढणं, शपथेवर जबाब घेणं, कागदपत्रं मागवणं याबाबतीत तिला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात.

तक्रार लिहिताना काकूंना एक वाक्य हवंच होतं: वकील भावांना मिळाले. त्यांचा तो संशय समजण्यासारखा होता, पण पुरावा नव्हता. वकिलाची सनद पणाला लागते, त्यामुळे अशा चौकशीत आरोप जवळपास फौजदारी खटल्यासारखा सिद्ध करावा लागतो. संशयाचा फायदा वकिलालाच मिळतो. एक आरोप हवेत राहिला, की बाकीच्या आरोपांवरचाही विश्वास उडतो. मी ते वाक्य काढायला लावलं. त्या एक दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. अखेर तक्रारीत तीनच मुद्दे राहिले: हजर राहिले नाहीत, काय घडलं ते सांगितलं नाही, मागूनही कागद दिले नाहीत.

नोटीस गेल्यावर मध्यस्थ फिरू लागले. "मिटवून घ्या, कागद परत देतो, फीसुद्धा देतो." सुनावणीच्या आधी बाड खरोखरच घरपोच आलं. तक्रार मागे घेतली तर संपलं, असं गावात सगळ्यांना वाटत होतं. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार तक्रारदाराने माघार घेतली किंवा तडजोड झाली एवढ्याच कारणावरून शिस्तभंगाची चौकशी बंद करता येत नाही. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. तक्रारदार म्हाताऱ्या, गरीब, दबावाला वाकणाऱ्या असू शकतात. वकील कसा वागला हा प्रश्न त्या एकट्यांचा उरत नाही, उद्या त्याच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाचा होतो.

सुनावणीची खोली साधी होती. लांब टेबलापलीकडे तीन सदस्य, अलीकडे आम्ही. उलटतपासणीत काकूंना विचारलं गेलं, "दावा तुमचा होता ना? मग तारखेला स्वतः का आला नाहीत?" काकू म्हणाल्या, "साहेब, डॉक्टरनं पथ्य सांगितलं की आपण पाळतो. वकीलसाहेबांनी येऊ नका सांगितलं, मी आले नाही." मग वकिलांचं म्हणणं सुरू झालं. फी थकली होती म्हणून कागद ठेवून घेतले, पक्षकाराने संपर्क ठेवला नाही, तालुक्याला कामाचा ताण फार. मी आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा हा २००० सालचा निकाल पुढे ठेवला. फी बाकी असली तरी वकिलाला पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. फीच्या वसुलीचा मार्ग वेगळा.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि वकिलांना एकच प्रश्न विचारला: "दावा निकाली निघाला, हे तुम्ही त्यांना कधी कळवलंत, आणि कसं?" पत्र नव्हतं. मेसेज नव्हता. फोन केल्याची तारीख सांगता येईना. एवढा वेळ चाललेली चौकशी त्या प्रश्नापाशी येऊन थांबली.

समितीपुढे चार पर्याय असतात: तक्रार फेटाळणं, कानउघाडणी करणं, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करणं किंवा नाव यादीतून कायमचं काढणं. निकालपत्रात समितीने तारखांची गैरहजेरी आणि बाकीचे दोन मुद्दे वेगळे केले. निव्वळ निष्काळजीपणा म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितलेलं आहे; माणूस चुकू शकतो. पण चूक झाल्यावर "तारीख पडलीय" असं सांगत राहणं आणि कागद अडवणं, ही पक्षकाराच्या विश्वासाची फसवणूक, असं समितीने म्हटलं. सनद काही महिन्यांसाठी निलंबित झाली. याविरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं, प्रत्येक टप्प्यावर साठ दिवसांच्या आत.

काकूंना यातून नुकसानभरपाई मिळाली नाही, ती मिळावी अशी सोयही या प्रक्रियेत नाही. तरी त्यांनी निकालाची नक्कल मागून घेतली आणि भावकीतल्या ज्यांनी त्यांना बोल लावला होता त्यांना वाचून दाखवली. दोष कुणाचा हे लेखी मिळणं हासुद्धा न्याय असतो, हे मी तेव्हा पाहिलं.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. म्हणजे डॉक्टरविरुद्ध ग्राहक आयोगात जाणारा माणूस वकिलाविरुद्ध तिथे जाऊ शकत नाही. मग वर्तनाच्या तक्रारीसाठी त्याला हीच शिस्तपालन समिती उरते, जिथे वकिलांचा न्याय वकीलच करतात. हा मान आम्हाला मिळालाय, पण तो टिकवायची किंमतही आम्हीच मोजली पाहिजे. तक्रार एका वर्षात निकाली काढावी असं कायदा सांगतो, नाहीतर ती दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. तालुक्यातल्या विधवेने दिल्लीला खेटे घालायचे? मुदत पाळणं हाच अशा माणसाचा आधार आहे.

आणि तक्रारीपर्यंत वेळच येऊ नये, यासाठी फार काही लागत नाही. माझ्या ऑफिसात आता प्रत्येक तारखेनंतर त्याच संध्याकाळी पक्षकाराला मेसेज जातो: आज काय झालं, पुढची तारीख कोणती, तुम्ही येणं गरजेचं आहे की नाही. मूळ कागद घेताना यादी करून पोच दिली जाते, फीची पावती दिली जाते. हे उपकार नाहीत. पक्षकार वकीलपत्रावर सही करतो तेव्हा त्याने आपलं तोंड आमच्या हवाली केलेलं असतं. त्याच्या नावाने कोर्टात काय बोललं गेलं आणि काय बोललं गेलं नाही, हे त्याला सांगणं ही वकिलीची पहिली अट आहे.