खांबावरच्या रेघा

महाडच्या आमच्या घराच्या ओटीवर एक सागवानी खांब आहे. पूर ओसरला की दुसऱ्या दिवशी, घरातला चिखल उपसण्याआधी, आजोबा त्यावर कोयत्याने रेघ कोरीत आणि शेजारी साल घालीत. आजी म्हणायची, "नातवंडांची उंची मोजायची सोडून नदीची कसली मोजता?" आम्ही मुलेही हसत असू.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री त्या साऱ्या रेघा बुडवून वर चढली, तेव्हा मात्र मला हसू आले नाही. डोंगरात पाऊस कोसळत असला, गांधारी आणि काळ या नद्यांची भर पडली आणि त्याच वेळी खाडीला भरती असली, की सावित्रीला पुढे वाट मिळत नाही. मग ती पेठेत शिरते. "नदी लहरी नसते रे, तिला सवयी असतात," एवढेच आजोबा सांगत.

गेल्या चैत्रात कुडपणला जाण्याचा योग आला. तिथे हौशी माणसे पावसाळ्यात धबधबे पाहायला जातात. मी गेलो भर उन्हात. वाटेवरच्या एका वाडीत एक म्हातारी झऱ्यातले पाणी वाटीने हंड्यात भरीत बसली होती.

"आजी, इतका पाऊस पडतो इथे, आणि पाणी एवढेच?"

"पडतो तो तुमच्यासाठी, दादा," ती म्हणाली. "आमच्या पायाखालनं जातो, हंड्यात काय ऱ्हात नाय."

समोर सह्याद्रीची धार उभी होती. तिच्या पलीकडे पडलेला थेंब कोयनेतून कृष्णेला जातो, आणि तिथे त्याचा हिशेब आहे. बच्छावत लवादाने १९७३ साली कृष्णेचे पाणी तीन राज्यांत वाटले. महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट मिळाले. पण वाटणीआधी १८९४-९५ पासूनच्या ७८ वर्षांचा प्रवाह तपासला गेला. चार वर्षांतून तीन वर्षे हमखास मिळेल तेवढेच, म्हणजे २०६० अब्ज घनफूट पाणी वाटणीला धरले. ज्यांनी वर्षानुवर्षे भर पावसात उभे राहून नदीची पातळी टिपली, त्यांच्या वहीवर शेवटी हक्क ठरले.

धरणाचेही तसेच. उन्हाळ्यासाठी ते भरलेले हवे आणि पुरासाठी त्यात जागा हवी. ही ओढाताण सोडवायची तर नदीच्या सवयी ठाऊक हव्यात. ज्या पाण्याची नोंद नाही, त्याच्यावर हक्क तरी कसा सांगायचा? ते जुलैत पेठ बुडवते आणि चैत्रात वाटीने भरावे लागते.

घरी आल्यावर स्टुलावर चढून मी २०२१ ची रेघ कोरली. मग खाली बसून खांबाच्या पायथ्याशी आणखी एक बारीक रेघ ओढली.

"आजोबा, इतका लहान पूर कधी आला होता?" नातीने विचारले.

"पूर नव्हे, बाळ. हा झरा," मी म्हटले. "हाही मोजायला हवा."

तिने कोयता मागितला. मी तिच्या हाती पेन्सिल आणि एक कोरी वही दिली.